अण्णांना मालगाडी बघायची होती: नेब्रास्कातले पाच दिवस

अण्णा म्हणजे माझे वडील, भुसावळला चौतीस वर्षं रेल्वेत, त्यातली बरीचशी मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून. आई गेल्यावर पहिल्यांदाच आमच्याकडे शिकागोला आले आणि मी नायगारा, न्यूयॉर्क असं काय काय प्लॅन करत बसले होते तर एक दिवस चहा पिताना म्हणाले, अगं ते राहू दे, तुमच्याकडची मालगाडी दाखव, आणि तो जगातला सगळ्यात मोठा यार्ड कुठेतरी आहे ना, तो दाखव. तो यार्ड, म्हणजे डबे वेगळे करून नव्या मालगाड्या जोडायची जागा, नेब्रास्कात नॉर्थ प्लॅट नावाच्या गावात आहे, शिकागोपासून साडेसातशे मैल. इथे कुणाला सांगितलं की मुलीच्या स्प्रिंग ब्रेकला आम्ही नेब्रास्काला चाललोय तर लोक विचारतात तिथे काय आहे. मला आता त्याचं उत्तर द्यायचंय, म्हणून हे लिहितेय.

दिवस पहिला

पहिला दिवस नुसता गाडीत गेला. इलिनॉय, मग मिसिसिपी ओलांडली, मग सगळा आयोवा आडवा कापला. दुपारी कौन्सिल ब्लफ्सला पोचलो. मिसुरी नदीच्या अलीकडे कौन्सिल ब्लफ्स, पलीकडे ओमाहा. इथे युनियन पॅसिफिक रेल्वेचं म्युझियम आहे, जुन्या कार्नेगी लायब्ररीच्या इमारतीत, छोटंसंच, पण अण्णा तिथे असे रमले की शेवटी बंद करायची वेळ झाली म्हणून बाहेर पडलो.

गंमत अशी की युनियन पॅसिफिकचा ओमाहाहून पश्चिमेला जाणारा हा रेल्वेमार्ग सुरू झाला तेव्हा त्याच्या मागे रेल्वेच नव्हती. १८६२ च्या जुलैत लिंकननी पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली, १८६३ च्या डिसेंबरात ओमाहाला समारंभ करून माती खणली आणि पहिला रूळ पडला थेट १८६५ च्या जुलैत. आणि तेव्हा शिकागोकडून येणारे रूळ इथपर्यंत पोचलेलेच नव्हते, मधे आयोवात अडकले होते. मग ओमाहाला रूळ, खिळे, रुळांखाली टाकायचे लाकडी स्लीपर, इंजिनं आली कुठून? सगळं नदीतून. सेंट लुईस, सेंट जोसेफकडून वाफेच्या बोटींवर लादून मिसुरीतून उलट्या प्रवाहात वर आणलं. युनियन पॅसिफिकचं एक नंबरचं इंजिन, जनरल शर्मन, तेसुद्धा बोटीवर बसून आलं. पुढे प्लॅट नदीच्या खोऱ्यात झाडं म्हणजे कॉटनवुड, त्याचं लाकूड मऊ, स्लीपर लवकर कुजायचे, म्हणून ओमाहाला त्यांना झिंक क्लोराईड पाजायचं यंत्र बसवलं होतं आणि कठीण लाकडाचे स्लीपर लांबून आणवत होते. शिकागोची लाईन कौन्सिल ब्लफ्सला आली १८६७ च्या सुरुवातीला, तोपर्यंत पलीकडे तीनशे मैल रूळ टाकून झाले होते.

अण्णा बराच वेळ गप्प होते मग म्हणाले, म्हणजे नदीनेच खांद्यावरून सवत घरात आणली की. हे वाक्य माझ्या डोक्यातून पुढचे चार दिवस गेलं नाही.

दिवस दुसरा

सकाळी कौन्सिल ब्लफ्सच्या टेकडीवर गेलो. ऑगस्ट १८५९ मधे लिंकन, तेव्हा ते प्रेसिडेंट नव्हते, इथे आले होते आणि ग्रेनव्हिल डॉज नावाच्या सर्व्हेयरला त्यांनी विचारलं की पश्चिमेला जायला रेल्वेसाठी बरा रस्ता कुठला. डॉजनी सांगितलं की इथूनच, प्लॅट नदीच्या खोऱ्यातून सरळ. वरून बघितलं की त्याचं म्हणणं कळतं. समोर मिसुरी, पलीकडे ओमाहाच्या इमारती, आणि त्याच्या मागे जमीन जी सपाट होत जाते ती होतच जाते.

मग उत्तरेला अर्धा तास गाडी चालवून डिसोटो बेंडला गेलो. तिथे एका बुडालेल्या बोटीचं सामान ठेवलंय. या सगळ्या ट्रिपमधे माझ्या मनात सगळ्यात जास्त काय राहिलं असेल तर हे.

बोटीचं नाव बर्ट्रंड. १ एप्रिल १८६५, मोंटानातल्या सोन्याच्या खाणींकडे, फोर्ट बेंटनला माल घेऊन निघाली होती, पाण्याखाली रुतलेल्या झाडाच्या ओंडक्यावर आपटली आणि दहा मिनिटांच्या आत बुडाली. माणसं सगळी वाचली. विमा कंपनीच्या लोकांनी थोडाफार माल काढला, मग नदीने कूस बदलली आणि बोट जमिनीखाली गेली, शब्दशः, वरती शेत झालं. १९६८ मधे शोधणाऱ्यांना ती सापडली, अठ्ठावीस फूट चिखलाखाली, आणि त्या चिखलात हवा नसल्यामुळे लाखो वस्तू जशाच्या तशा निघाल्या. काचेच्या भिंतीमागे फळ्यांवर रचून ठेवल्यात. लोणच्याच्या बरण्या, ब्रँडीत घातलेल्या चेरी, कुदळी, घमेली, दिव्यांच्या चिमण्या, लहान मुलांचे बूट. लेक त्या बुटांसमोर उभी राहिली तर हलेना, तिच्याच मापाचे होते. कुठल्यातरी घरात कुणीतरी त्या बुटांची वाट बघत असणार.

तेव्हा मिसुरी म्हणजे हायवे होता. नेब्रास्कात आधी गावं वसली ती नदीकाठी, जिथे बोट लागते तिथे. पण हायवे असा की दर पावसाळ्यात जागा बदलणार, हिवाळ्यात गोठणार, उन्हाळ्यात आटणार. आता बोट बुडाली त्या जागी फक्त एक डबकं आहे, आणि नदी कुठेतरी लांब.

नदी किती बेभरवशाची याचं अजून एक उदाहरण आम्हाला ओमाहात दिसलं. एअरपोर्टच्या रस्त्यावर अचानक पाटी आली की आता तुम्ही आयोवात आहात. आयोवा तर नदीच्या पलीकडे! झालं असं की १८७७ मधे पुरात मिसुरीने एक वळण सोडून शॉर्टकट घेतला आणि कार्टर लेक नावाचा आयोवाचा तुकडा नेब्रास्काच्या बाजूला राहिला. दोन राज्यं भांडत सुप्रीम कोर्टात गेली, १८९२ मधे निकाल लागला की नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते पण अशी एकदम उडी मारली तर हद्द जुन्याच पात्रात राहते. आमच्या आजोबांच्या शेताचा तापीकाठचा वाद आठवून अण्णा म्हणाले, इतका सोपा निकाल आपल्या तलाठ्याला का सुचला नाही.

आणि मिसुरीवर रेल्वेचा पूल झाला कधी, तर १८७२ मधे! १८६९ च्या मे महिन्यात युटाहमधे पूर्वेकडून आणि पश्चिम किनाऱ्याकडून आलेले रूळ जोडले, देशभर घंटा वाजल्या, तरी कौन्सिल ब्लफ्स ते ओमाहा एवढा तुकडा पुढची तीन वर्षं फेरीने ओलांडायला लागायचा, आणि कडाक्याच्या थंडीत नदी गोठली की बर्फावरच रूळ टाकून डबे पलीकडे न्यायचे. अण्णांना हे पटेचना, दोनदा विचारलं बर्फावर का.

संध्याकाळी ओमाहातच स्टँडिंग बेअरची गोष्ट मुलीला सांगितली, कारण ही जमीन रिकामी होती असं तिला शाळेतून वाटत होतं. स्टँडिंग बेअर हा पाँका या इथल्या मूळ जमातीचा प्रमुख, त्यांचं घर नायोब्रारा नदीकाठी. १८७७ मधे सरकारने त्यांना उचलून दक्षिणेला नेलं, तिथे माणसं रोगाने मेली, स्टँडिंग बेअरचा मुलगा पण गेला. मुलाला शब्द दिला होता की तुला आपल्या नदीकाठी पुरीन, म्हणून भर हिवाळ्यात अस्थी घेऊन चालत निघाला आणि नेब्रास्कात ओमाहा जमातीच्या वस्तीवर त्याला अटक झाली. मे १८७९ मधे इथल्या कोर्टात जज डंडींनी निकाल दिला की कायद्याच्या नजरेत इंडियन, म्हणजे इथला मूळ रहिवासी, हा माणूस आहे. निकाल द्यायला लागला, यावर लेक काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

दिवस तिसरा

दक्षिणेला, नदीच्या बाजूबाजूने, ब्राऊनव्हिल. एकेकाळी बोटींचं गजबजलेलं बंदर, आज वस्ती दीडशेच्याही आत. विटांच्या जुन्या सुंदर इमारती, पुस्तकांची दुकानं, आणि शांतता. बोटींचे दिवस संपत आले तसं गावाने ठरवलं की आपल्याकडे पण रेल्वे आणायची, त्यासाठी कर्ज काढलं, रेल्वे काही धड आली नाही, कर्ज राहिलं, जिल्ह्याचं ठाणं ऑबर्नला गेलं. त्या काळी इथल्या प्रत्येक गावाला हीच भीती होती की रूळ आपल्याला टाळून गेले तर काय. रेल्वे कंपन्यांना हे पक्कं माहीत होतं, आणि त्या गावागावाकडून जमीन आणि पैसे मागून घ्यायच्या.

पण ब्राऊनव्हिलला आम्ही गेलो ते आणखी एका कारणाने. होमस्टेड कायदा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला, आणि डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने इथल्या जमीन कचेरीत मध्यरात्र उलटल्या उलटल्या अर्ज केला असं सांगतात. त्याने मागितलेली जमीन इथून साठेक मैलांवर, बिअट्रिसजवळ. आता तिथे होमस्टेडचं नॅशनल पार्क आहे, दुपारी तिकडे गेलो.

कायदा वाचायला सोपा होता. १६० एकर जमीन, सगळी मिळून १८ डॉलर फी, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, कसायची, मग जमीन तुमची. एकट्या बाईला, विधवेला घेता यायची, बाहेरून आलेल्याला नागरिक व्हायची इच्छा आहे एवढं लिहून दिलं की घेता यायची. माझ्या आजीच्या नावावर आयुष्यात कधी एक गुंठा नव्हता, त्यामुळे बायकांची ती सर्टिफिकिटं मी फार वेळ बघत होते.

पण यात एक मेख होती ती मला तिथेच कळली. रेल्वेला सरकारने पैशापेक्षा जमीन जास्त दिली. रुळाच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे एकेक चौरस मैलाचे तुकडे पाडले, बुद्धिबळाच्या पटासारखे, विषम नंबरचे रेल्वेला आणि सम नंबरचे सरकारकडे. म्हणजे ६४० एकर रेल्वेचे, शेजारचे ६४० सरकारचे, असं मैलोन्मैल. आणि या पट्ट्यात होमस्टेडवाल्याला सुरुवातीला १६० नाही तर ८० एकरच मिळायचे, कारण रुळाजवळची जमीन महाग. पूर्ण १६० हवे तर रूळापासून लांब जा आणि मग तुमचा गहू बैलगाडीत घालून दिवस दिवस हाका. फुकट जमीन आणि चांगली जमीन या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

बाहेर गवताळ रान राखलंय. मार्चमधे सगळं वाळकं, तांबूस, कमरेएवढं. वारा सुटला की सगळं रान एका बाजूला झोपतं आणि परत उठतं. झाड नाहीच. म्हणून लोक मातीची ढेकळं मुळांसकट कापून त्याच्याच विटा करून घर बांधायचे. सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरने १८८६ पासून हिंडून हिंडून अशा घरांसमोर उभ्या कुटुंबांचे फोटो काढले. एका फोटोत छपरावर गाय चढलेली, कारण छपरावरही गवतच. अण्णा म्हणाले, आपलं धाब्याचं घर वेगळं काय होतं. खरंच, खानदेशातलं मातीचं धाबं आणि हे सख्खी भावंडं.

रात्री लिंकन शहरात मुक्काम. खूप दमलो होतो, खिचडीचं पाकीट होतं ते हॉटेलच्या मायक्रोवेव्हमधे केलं आणि झोपलो.

दिवस चौथा

आज मुलीचा दिवस. लिंकनहून पश्चिमेला बर्लिंग्टन रेल्वेच्या रस्त्याने निघालो आणि तिला सांगितलं स्टेशनांची नावं वाच. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलंड, जुनिएटा, केनेसॉ, लोवेल. इंग्रजी अक्षरं ओळीने! सी, डी, ई, एफ, जी, एच, आय, जे, के, एल. मधे फ्रेंड, सटन, हेस्टिंग्ज अशी नंतरची किंवा हट्टी गावं घुसलीत, पण माळ दिसते. बर्लिंग्टन अँड मिसुरी रिव्हर रेल्वेने १८७० नंतर लिंकनपासून रूळ टाकत नेले तेव्हा नकाशावर आधी ठिपके दिले आणि ठिपक्यांना अशी नावं लावली. आपल्याकडे गाव आधी असतं मग स्टेशन येतं, फार तर स्टेशन गावापासून दोन मैल लांब असतं. इथे स्टेशन आधी, गाव नंतर. हे समजायला मला नावं वाचत जावंच लागलं.

गावं सात ते दहा मैलांवर का, तर शेतकऱ्याने सकाळी गाडी जुंपून धान्य स्टेशनला टाकून अंधार पडायच्या आत घरी यावं म्हणून, आणि वाफेच्या इंजिनाला पाणी पण लागतं. अजूनही प्रत्येक गावात लांबूनच एलिव्हेटर, म्हणजे धान्याचं कोठार, दिसतो, पांढरा, उंच, आपल्याकडे देवळाचा कळस दिसावा तसा.

या कंपनीला नेब्रास्कात जवळपास २४ लाख एकर जमीन मिळाली होती. नुसती जमीन असून उपयोग काय, माणसं हवीत, नाहीतर मालगाडीत घालणार काय. मग यांनी युरोपात एजंट नेमले, पोस्टरं छापली. १८७२ चं एक पोस्टर प्रसिद्ध आहे, लाखो एकर जमीन, दहा वर्षांच्या उधारीवर, सहा टक्के व्याजाने. विल्बरला चेक आले, सटनला रशियातून निघालेले जर्मन आले. १८६० मधे नेब्रास्कात तीस हजारही माणूस नव्हता, १८८० मधे साडेचार लाख झाला आणि १८९० मधे दहा लाखांच्या वर. तीस वर्षांत. याच काळात १८७४ मधे टोळधाड आली, उभी पिकं गेली, ओळीने कर्जं झाली, जानेवारी १८८८ मधे असं बर्फाचं वादळ आलं की शाळेतून घरी निघालेली मुलं वाटेतच गेली. पोस्टरवर यातलं काहीच नव्हतं.

लोवेलला उतरलो. इथे एकदा सरकारी जमीन कचेरी होती. रूळ पुढे प्लॅट ओलांडून कर्नीला जाऊन १८७२ मधे युनियन पॅसिफिकला मिळाले आणि लोवेल ओसरलं. चार घरं, शेतं, वारा. अण्णा शेताच्या कडेला उभं राहून म्हणाले, इथे सांधा असता तर गाव जगलं असतं. जंक्शनच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला हे लगेच कळतं, भुसावळ दुसरं काय आहे.

संध्याकाळी कर्नीजवळ त्याच जुन्या लाईनच्या पुलावर गेलो. रूळ केव्हाच काढलेत, आता लोक चालतात, सायकली नेतात. खाली प्लॅट नदी. या नदीबद्दल जुनी म्हण आहे की एक मैल रुंद आणि एक इंच खोल. बोट चालणं शक्यच नाही. म्हणजे मिसुरी बोटींची आणि प्लॅट चाकांची, आधी बैलगाड्यांची, मग रुळांची. ओटो लोकांच्या भाषेतलं पसरट पाणी म्हणजेच नेब्रास्का, आणि फ्रेंचांनी पण सपाट म्हणूनच प्लॅट म्हटलं.

सूर्य मावळताना ते आले. सँडहिल क्रेन, आपले क्रौंच म्हणा. आधी आवाज, लांबून, घशात पाणी घोळवल्यासारखा, मग आकाशात रेघा, मग रेघाच रेघा. जगातले साधारण ८० टक्के सँडहिल क्रेन मार्चमधे नदीच्या या पट्ट्यात थांबतात, शेतातला पडलेला मका खातात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, पाण्यातून कोल्हा आला तर चाहूल लागते म्हणून. बोटीला नालायक ठरलेली नदी यांना बरोब्बर हवी तेवढी उथळ. वर धरणं आणि कालवे झाल्यामुळे पात्र खूप आकसलंय, तरी ते येतात. मी रडले, सांगायला लाज वाटत नाही. नवरा पण गप्प होता.

दिवस पाचवा

पहाटे परत पुलावर, बोटं सुन्न होईपर्यंत. मग पश्चिमेला, आता युनियन पॅसिफिकच्या मुख्य लाईनला चिकटून. दर पंधरा-वीस मिनिटांनी मालगाडी. अण्णा मागच्या सीटवरून इंजिनं मोजत होते, पुढे दोन, मधे एक, मागे एक, आणि मधल्या इंजिनात माणूस नाही हे कळल्यावर त्यांना काही सुचेना. मग चढाचा हिशोब. डॉजनी जे हेरलं होतं ते हेच, प्लॅटचं खोरं मैलाला सहा-सात फूट चढतं, म्हणजे साडेसातशे-आठशे फुटांत एक फूट. अण्णा म्हणाले, आमच्या कसाऱ्याच्या घाटात सदतीसला एक, मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लावल्याशिवाय गाडी हलत नाही, इथे तर देवाने रस्ता आखून ठेवला होता.

कोझॅडला रस्त्यावर शंभराव्या रेखांशाची पाटी आहे. ६ ऑक्टोबर १८६६ ला ओमाहापासून २४७ मैलांवर रूळ इथे पोचले. जी कंपनी इथे आधी पोचेल तिलाच पुढे जायचा हक्क, अशी अट होती. पण शेतकऱ्यासाठी ही रेघ वेगळी होती, हिच्या आसपास पाऊस वीस इंचावर येतो आणि पुढे कमीच होत जातो. तेव्हा सॅम्युअल ऑगी नावाचे इथल्या युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर सांगत होते की जमीन नांगरली की पाऊस वाढतो, आणि जमीन विकणाऱ्यांनी ते उचलून धरलं. १८८० च्या आसपास काही वर्षं पाऊस बरा पडला, लोकांनी विश्वास ठेवला आणि या रेघेच्या पलीकडे गेले. १८९० आणि १८९४ ला दुष्काळ पडला, माणसं गाड्या जुंपून परत पूर्वेला. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मला राग येतो तो प्रोफेसरांच्या चुकीचा नाही, चुका होतात, राग येतो तो ती चूक छापून तिकिटं विकणाऱ्यांचा.

आणि पॉनी लोक, ही पण इथली मूळ जमात. प्लॅट आणि लूप नदीचं हे खोरं त्यांचं. त्यांचे स्काऊट रेल्वेच्या कामगारांना संरक्षण द्यायला उभे राहिले, लाकोटा आणि शायान या जमाती त्यांच्या जुन्या वैरी म्हणून. लाईन झाली, वस्ती आली, आणि दहा वर्षांच्या आत, १८७५ पर्यंत पॉनींना लूपकाठची जमीन सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. हे मी गाडीत वाचून दाखवलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, नदीसारखंच झालं त्यांचं.

दुपारी नॉर्थ प्लॅट. बेली यार्ड. आठ मजली टॉवर आहे त्याच्यावरून बघायचं. २८५० एकर, आठ मैल लांब, रूळच रूळ, कुठवर ते कळत नाही. अण्णा खुर्चीत बसलेच नाहीत, काचेला हात टेकवून उभे. हम्पवरून, म्हणजे मुद्दाम केलेल्या उंचवट्यावरून, एकेक वाघीण सुटते, उतारावर आपोआप घरंगळते, रिटार्डर तिला चिमटीत धरून वेग कमी करतो, सांधे बदलतात आणि ती आपल्या गाडीला जाऊन अलगद टेकते. अण्णा लेकीला प्रत्येक गोष्ट समजावत होते, आणि तिथे असलेले एक निवृत्त रेल्वेवाले आजोबा त्यांच्याजवळ आले. दोघांची भाषा वेगळी, पण हाताने ब्रेक कसा दाबायचा ते दोघं एकमेकांना दाखवत होते, तास गेला. १८६६-६७ च्या हिवाळ्यात रूळ इथे येऊन थांबले होते तेव्हा हे नुसतं तंबूंचं, दारू-जुगाराचं गाव होतं. रूळ पुढे गेल्यावर बहुतेक जण सामान बांधून पुढच्या टोकाला गेले, पण कंपनीने इथे इंजिनांची शेड आणि कारखाने ठेवले म्हणून गाव राहिलं.

उन्हं उतरताना गावाच्या पूर्वेला हायवे तीसवर, जिथे रेल्वे नॉर्थ प्लॅट नदी ओलांडते तिथे थांबलो. थोडं खाली दक्षिण प्लॅट येऊन मिळते. अण्णा काठी टेकत पाण्यापर्यंत गेले, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर करतात तसं ओंजळीत पाणी घेऊन परत सोडलं. पाणी बर्फासारखं गार. तेवढ्यात पुलावर गाडी आली, कोळशाच्या वाघिणी, पश्चिमेकडून, हळू. हात तसाच ओला ठेवून ते मोजत राहिले आणि शेवटची वाघीण गेल्यावर लेकीकडे वळून म्हणाले, एकशे एकतीस, तुझे किती झाले?